प्रात्यक्षिकाचे तास पडद्याला देऊ नका

मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

केंद्राच्या व्हर्च्युअल लॅब्ज, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करायचे आभासी प्रयोग, फुकट आहेत, चांगल्याही आहेत. बीएस्सीच्या भौतिकशास्त्रात त्या जरूर वापराव्यात, पण प्रयोगाच्या आदल्या दिवशी आणि घरी. उपकरणे नाहीत म्हणून प्रात्यक्षिकाचे तासच पडद्यावर उरकायला आम्हा शिक्षकांचा विरोध आहे. का, ते एका प्रयोगावरून सांगतो.

एलईडीवरून प्लँकचा स्थिरांक (h) काढायचा. साहित्य: 9 व्होल्टची बॅटरी, 10 किलोओहमचे पोटेन्शियोमीटर (फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचे बटण), 1 किलोओहमचा रोध, दोन मल्टिमीटर आणि लाल, पिवळा, हिरवा, निळा असे चार एलईडी. पांढरा नको; तो मुळात निळाच, वर फॉस्फरचा थर, त्यामुळे त्याला एक अशी तरंगलांबी नाही. पोटेन्शियोमीटर शून्यापासून हळूहळू फिरवायचे आणि प्रवाह 10 मायक्रोअँपिअर झाला की एलईडीवरचे व्होल्टेज टिपायचे. ‘उजळला’ हे डोळ्यांनी ठरवले तर खोलीतला उजेड आणि बघणारा बदलला की आकडाही बदलतो.

पडद्यावर चारही बिंदू निमूटपणे रेषेवर बसतात. टेबलावर हिरवा बऱ्याचदा बाहेर जातो, कारण लाल आणि हिरवा वेगवेगळ्या अर्धवाहकांचे असतात. एकाच एलईडीवरून h काढला तर उत्तर कमी येते. व्होल्टेज विरुद्ध 1/λ (λ म्हणजे तरंगलांबी) असा आलेख काढून उतारच घ्यावा लागतो. एलईडीवरचे व्होल्टेज मोजणाऱ्या स्वस्त मल्टिमीटरचा रोध 1 मेगाओहम असेल, तर 2 व्होल्टला तो स्वतःच 2 मायक्रोअँपिअर खातो. म्हणजे 10 मधले 2 एलईडीतून गेलेच नाहीत! याने व्होल्टेज किती बिघडते? फार नाही, काही मिलिव्होल्ट. पण हे मुलांनी मोजून सांगायचे, आणि खरा प्रकल्प इथेच सुरू होतो.

आजच्या गुणपद्धतीत मात्र h चा पुस्तकातला आकडा, 6.63, आला की पैकीच्या पैकी. मग मुले उत्तर आधी लिहितात, निरीक्षणे मागाहून जुळवतात. बाह्य परीक्षकांना सगळे ठाऊक असते.

म्हणून मागणी अशी: निम्मे गुण कच्च्या वहीला, त्रुटींच्या हिशेबाला आणि तोंडी परीक्षेला द्या. प्रकल्पाचा गट तिघांचा ठेवा. सहा जणांत दोघेच हात लावतात. एलईडी, वायर, बॅटरी असल्या किरकोळ वस्तूंसाठी विभागप्रमुखाला दरपत्रकांशिवाय खर्चाची मुभा द्या. जळालेल्या एलईडीचा खुलासा लिहिण्यात प्रयोगशाळा सहायकाचा दिवस जाऊ नये.

कळावे,
पदवी महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राचे शिक्षक