जिग सोबत आला की भाग अर्धवट राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका आरोग्यविमा कंपनीच्या प्रमुखाची भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली आणि ‘घोस्ट गन’ (सिरियल नंबर नसलेली, माग न लागणारी बंदूक) हा शब्द मराठी पेपरांत पुन्हा पुन्हा दिसू लागला. बातम्यांचा सूर एकच : अमेरिकेत कोणीही घरबसल्या बंदूक बनवतो आणि कायदा बघत बसतो. तिकडे शिकायला गेलेल्या पोरांच्या तोंडी तोच समज जरा वेगळा येतो. ‘काका, रिसीव्हर म्हणजे बंदुकीचा सांगाडा ८० टक्केच तयार असतो, तो बंदुकीत मोडत नाही.’ माझी सारी नोकरी चिंचवड-भोसरीच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे-अवजारे घडवणाऱ्या विभागात, गेली. अर्धवट मशिनिंग झालेला भाग म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. म्हणून हे पत्र.

रायफलची नळी, दस्ता, ट्रिगर असे बहुतेक सुटे भाग अमेरिकेत बहुतांश ठिकाणी विनापरवाना मिळतात. पण ज्या सांगाड्यात ही सगळी यंत्रणा बसते त्या रिसीव्हरला १९६८ च्या ‘गन कंट्रोल ॲक्ट’ने खुद्द बंदूकच मानले आहे. गाडीचा चेसिस नंबर असतो तसा सिरियल नंबर त्याच्यावर ठोकलेला असतो, दुकानदाराची नोंद आणि गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणी त्याच्याच नावाने होते. व्यापाऱ्यांनी बरोबर इथेच फट शोधली. ॲल्युमिनियमचा किंवा पॉलिमरचा रिसीव्हर बाहेरून जवळपास तयार करायचा, आतली शेवटची मशिनिंग तेवढी ठेवायची आणि ‘हा तर नुसता धातूचा तुकडा’ म्हणून विकायचा. नंबर नाही, तपासणी नाही. ८० टक्के हा आकडाही त्यांचाच. कायद्यात तो कुठेही नाही आणि बंदुकांचे नियमन करणारी एटीएफ ही संघीय संस्थाही तो मानत नाही.

टूलरूमवाल्याला यातली खरी मेख लगेच कळते. एखादा भाग किती टक्के झाला हे उरलेल्या धातूवरून ठरत नाही, उरलेल्या कौशल्यावरून ठरते. कोऱ्या ठोकळ्यावर मार्किंग करून, डेटम (मोजमापाचा आधार) धरून, भोके समांतर ठेवून काम काढायला माणूस वर्षानुवर्षे घासलेला लागतो. पण त्याच ठोकळ्यासोबत जिग, म्हणजे ड्रिल नेमक्या जागी नेणारा साचा, दिला तर? जिगमधल्या कडक केलेल्या बुशमधून (पोलादी नळीतून) ड्रिल घातला की भोक हवे तिथेच पडते. काल लागलेला अप्रेंटिसही तो भाग इन्स्पेक्शनमधून पास करून आणतो, कारण सगळी अक्कल जिग बनवणाऱ्याने आधीच खर्च केलेली असते. हे अर्धवट भाग विकणारे पुष्कळ जण नेमका जिगच सोबत देत होते, काही तर ड्रिलचे बिटसुद्धा. मग मागे राहिलेल्या वीस टक्क्यांत उरले काय?

एटीएफने ऑगस्ट २०२२ पासून लागू केलेल्या नियमात हीच गोष्ट पकडली. एखादी वस्तू रिसीव्हर आहे की नाही हे ठरवताना तिच्यासोबत दिलेले जिग, टेम्पलेट, अवजारे, सूचनापत्रक, इतकेच काय जाहिरातही विचारात घेता येईल, असे तो म्हणतो. नुसता न घडवलेला धातूचा ठोकळा यात येत नाही, तेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. नियम लिहिताना कोणीतरी शॉपफ्लोअरवर उभे राहिलेले असावे, असे मला वाटून गेले. आपल्याकडे कस्टम्स-एक्साइजशी झटापट केलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. टॅरिफचा (कराच्या दरपत्रकाचा) अर्थ लावण्याचा नियम २(अ) तेच सांगतो : अपूर्ण वस्तूत पूर्ण वस्तूचे मूळ स्वरूप आले असेल तर ती पूर्ण वस्तूच्याच मथळ्याखाली जाते. ‘फिनिशिंग बाकी आहे साहेब’ हे उत्तर आमच्याकडे कधी चालले नाही.

या नियमाविरुद्ध टेक्सासमध्ये दावा झाला, खालच्या कोर्टाने नियम रद्दही केला. शेवटी २६ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तो उचलून धरला. निकाल लिहिला न्या. गॉर्सच यांनी, म्हणजे उदारमतवादी गोटातल्या कोणी नव्हे. न्या. थॉमस आणि न्या. ॲलिटो विरोधात गेले. निकालात आयकियाच्या टेबलाचे उदाहरण आहे : खोक्यातून सुटे आलेले, जोडायला काही तास लागणारे टेबलही आपण टेबलच म्हणतो. ‘पॉलिमर८०’ या कंपनीचा एक संच त्याआधी कधीही न हाताळलेल्या माणसाने साध्या अवजारांनी २१ मिनिटांत जोडून दाखवला, हेही त्यात आले आहे. २०१७ मध्ये पोलिसांनी माग काढण्यासाठी पाठवलेल्या अशा बिननंबरी बंदुका सुमारे १,६०० होत्या, २०२१ मध्ये १९,००० च्या वर गेल्या. मात्र रेषा नेमकी कुठे पडते, हे न्यायालयाने प्रत्येक नमुन्यापुरते सांगितलेले नाही. तो वाद चालूच राहणार.

मग घरी रिसीव्हर पूर्ण करणे हा गुन्हा आहे का? संघीय कायद्याने सरसकट नाही. ज्याला बंदूक बाळगायला मनाई नाही असा माणूस स्वतःच्या वापरासाठी साधी रायफल परवान्याशिवाय बनवू शकतो, विकायच्या धंद्यासाठी मात्र नाही. पण शेजारच्या वर्कशॉपवाल्याकडून काम करून घेतले तर तो वर्कशॉपवाला विनापरवाना उत्पादक ठरू शकतो, आणि ‘मशीन माझे, बटण त्याने दाबले’ ही पळवाट एटीएफने २०१५ मध्येच बुजवली आहे. शिवाय राज्याराज्यांचे कायदे वेगळे. आपली माणसे जिथे बरीच आहेत अशा काही राज्यांत ते कडक आहेत. न्यू जर्सीत बिननंबरी बंदूक बनवण्यासाठी भाग विकत घेणे हाच २०१८ पासून गुन्हा आहे. न्यूयॉर्कच्या कायद्याचे तर नावच ‘अनफिनिश्ड रिसीव्हर ॲक्ट’, फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात मारल्या गेलेल्या शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेला. कॅलिफोर्नियात मुख्यतः बंदुका घडवण्यासाठीचे सीएनसी (संगणकावर चालणारे) मिलिंग मशीन घेण्यावरही बंदी आहे.

सगळ्यात महत्त्वाचे पालकांसाठी. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद, पण तो किती जणांकडे असतो? शिक्षा १५ वर्षांपर्यंत. स्वतःच्या वापरासाठी बनवण्याची जी मुभा वर सांगितली ती या मुलांना लागूच नाही : विद्यापीठाच्या मेकर स्पेसमध्ये (विद्यार्थ्यांसाठीच्या वर्कशॉपमध्ये) हौसेने रिसीव्हर पूर्ण केला की त्या क्षणी हातात बंदूक आली. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसाचा दर्जा गमावलेल्या रेहैफ नावाच्या तरुणाने फायरिंग रेंजवर नेमबाजी केली, तेवढ्यावर खटला उभा राहिला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आपला दर्जा बेकायदा आहे हे आरोपीला ठाऊक होते, हेही सरकारने सिद्ध केले पाहिजे. त्याला तिथवर लढावे लागले. ग्रीन कार्डवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. बंदूकविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढता येते, आणि त्या कलमात बंदुकीचे सुटे भागही आहेत.

आणि इथल्या जॉबवर्कवाल्या मित्रांसाठी. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्रे’ म्हणताना त्यांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेही धरली आहेत. स्वतःपुरती बनवण्याची सूट आपल्याकडे नाहीच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनाला किमान सात वर्षे ते जन्मठेप आहे. निर्यातीच्या नावाखाली एजंटमार्फत ड्रॉइंग येते, टायटल ब्लॉकमध्ये (कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीत) ‘हाउसिंग’ किंवा ‘ब्रॅकेट’ एवढेच लिहिलेले, असेंब्ली ड्रॉइंग मागितले की ‘गोपनीय आहे’. मशीन रिकामे आणि बँकेचा हप्ता डोक्यावर असला की माणूस जास्त विचारत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. तरी भाग कशात बसतो, हे ऑर्डर घेण्याआधी लेखी मागून घ्यावे. गिऱ्हाईक देत नसेल तर ड्रॉइंग परत करावे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड