वेग पुरेसा, तरी आवाज तुटतो

महोदय,

लातुरातील आमच्या घरी १०० एमबीपीएसची जोडणी असूनही मुलीच्या ऑनलाइन तासाला आवाज सतत तुटत असे आणि तक्रार केली की इंटरनेट कंपनीचा माणूस स्पीड टेस्ट दाखवून मोकळा होई. अखेर वाय-फाय बंद करून मी संगणक केबलने राउटरला जोडला आणि आधी राउटरला, मग बाहेरच्या सर्व्हरला पिंग करून, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे (पॅकेट) पाठवून ते परत येतात का, हे पाहिले. राउटरपर्यंत एकही पॅकेट हरवत नव्हते. त्यापुढे मात्र १०० पैकी ८-१० हरवत होती, म्हणजे दोष घराबाहेरचा होता. खांबावरच्या जॉइंट बॉक्समध्ये वाकलेली फायबर सरळ केल्यावर ही गळती थांबली.

रात्री नऊनंतर विलंब (पॅकेटला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांवर जातो, तो मात्र कायम आहे. ‘सर्व्हर मुंबईत आहे आणि मुंबई लांब आहे’ हे त्यावरचे कंपनीचे उत्तर (मराठवाड्याला ते नवे नाही) पटण्यासारखे नाही, कारण प्रकाशाला फायबरमधून तिथे जाऊन यायला जेमतेम ५-६ मिलिसेकंद लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांत विलंब आणि पॅकेट गळती यांचेही निकष असताना तक्रार तपासताना केवळ वेगच का मोजला जातो?

– एक वाचक, लातूर