जॅक उचलायला असतो

कोल्हापूर
बुधवार, रात्री साडेदहा

चि. अभीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन मधेच बंद झाला तेव्हा आईला मी ‘रेंज गेली’ असं सांगितलंय. तूही तेच सांग. तिच्या गुडघ्याची तारीख पुढच्या महिन्यावर आली आहे, तिला आणखी काही नको.

मी ओरडायला नको होतं. सूनबाई मागं उभी होती, सोनू तिच्या कडेवर होती. पण तू फोन बाकावर टेकवून ठेवलास आणि मला फक्त तुझे दोन पाय दिसत होते. जीपचं मागचं चाक काढलेलं, मागच्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगखाली तो लाल ट्रॉली जॅक, आणि दुसरं काही नाही. स्टँड कुठंय म्हणून मी तीनदा विचारलं. तू खालूनच म्हणालास, ‘अण्णा, दोन मिनिटांचं काम आहे.’ त्यापुढं आपण दोघंही जे बोललो ते सोडून देऊ.

फक्त एक वाक्य सुटत नाही. ‘हे उद्यमनगर नाही’ म्हणालास. बरोबर आहे. उद्यमनगरात, आपल्या वर्कशॉपांच्या वस्तीत, नुसतं ‘आयो’ ऐकू आलं तरी शेजारच्या शेडमधनं चार माणसं हातातलं काम टाकून येतात. तुझ्या गॅरेजचं दार खाली ओढलं की आतला आवाज रस्त्यापर्यंत पोचत नाही, हे तूच कौतुकानं सांगितलं होतंस. रात्री अकराला तू एकटा जीपखाली, आणि वर त्या दोघी झोपलेल्या.

असो. या पत्रात हा विषय काढायचाच नाही असं ठरवून बसलो होतो. पहिल्याच पानावर काढला.

लिहायचं होतं ते तू जीपमधे नवं इंजिन बसवतोयस त्याच्या माउंटिंगबद्दल. पुठ्ठ्याचा साचा कापून, तो इंजिन आणि चॅसीच्या मधे धरून, मग पत्रा कापलास, ते फोटो मी नीट मोठे करून बघितले. वेल्डिंगचा पहिला फोटो बघून हसू आलं होतं, कोंबड्यांनी उकरल्यासारखं होतं ते. या वेळचा पास मात्र एकसारखा आहे. कोपऱ्यावरच्या वेल्डरला फोटो दाखवला. चाळीस वर्षं तो हेच करतोय. चष्मा वर करून त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, ‘पोराचा हात बसला.’ मी त्याला चहा पाजला. मग आणखी दोघांना फोटो दाखवला, त्यांनाही पाजावा लागला.

तुला शेडवर येऊ द्यायचं नाही हे माझंच होतं. दहावीच्या सुट्टीत तू येऊन बसलास तेव्हा घरी हाकललं होतं. माझ्या हाताच्या भेगांतलं काळं रॉकेलनंसुद्धा निघत नाही, लग्नकार्यात मी हात पाठीमागं घेऊन उभा राहायचो. तुझे हात तसे होऊ नयेत एवढंच डोक्यात होतं. आता तू दिवसभर काँप्युटरवर गाड्यांचं काम करतोस आणि रात्री डॉलर मोजून हात काळे करतोस. गेल्या खंडेनवमीला तू पान्यांच्या पेटीला हळदकुंकू लावलेला फोटो पाठवलास, तो अजून माझ्या फोनवर पहिला आहे. आई म्हणते नातीचा लावा. नातीचा दुसरा आहे.

आणि जीपही कुठली घेतलीस तर सीजे-३बी. 1954ची. टोलेडोला बनलेली, तुझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. मला वाटायचं पोरगं तिकडं जाऊन काहीतरी खाली वाकलेलं, रंगीत घेईल. तात्यांची जीप हीच, फक्त महिंद्रानं इकडं बनवलेली. उंच बॉनेट, बघितल्यावर गाडी जरा आश्चर्यानं मान वर करून बघतेय असं वाटतं. ते बॉनेट उंच का, हे तू सोनूएवढा असताना मला विचारलं होतंस. आत हरिकेन इंजिन आहे म्हणून. आधीच्या जीपचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमधे होते, इंजिन बुटकं होतं. हरिकेनमधे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमधे नेला, धूर सोडणारा खालीच ठेवला. इंजिन उंच झालं, बॉनेट मावेना, म्हणून बॉनेट वर उचललं. तेव्हा तुला कळलं नव्हतं, पण ‘म्हणजे टोपी घातली’ म्हणाला होतास.

तू हरिकेन काढून तिथं शेवरलेचं 4.3 लिटरचं व्ही-सिक्स बसवतोयस म्हटल्यावर मला आधी वाईट वाटलं. पण मी कुठल्या तोंडानं बोलू. 1992 साली मीच तात्यांच्या जीपचं हरिकेन उतरवलं होतं. वडापचा धंदा होता, जीपमधे माणसं भरून न्यायचा, कोल्हापूर ते गगनबावडा, आणि डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्याहून कमी भावात मिळायचं. अपघातातल्या एका मॅटाडोरचं इंजिन मिळालं, मूळ मर्सिडीजचं डिझेल. तात्या नको म्हणत होते. ‘पेट्रोलवर ती गाते,’ म्हणायचे. मी हिशेबाचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. ते उठून रंकाळ्यावर फिरायला गेले.

उतरवलेला ब्लॉक किलोवर गेला. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, भाव होता. आपल्याकडं बीड भंगारात गेलं की भट्टीत जातं, आणि हरिकेन वितळून कुणाच्या तरी पंपाची बॉडी झालं असेल. शिरोळकडं एखाद्या मळ्यात अजून पाणी उपसत असेल. त्या रात्री तात्या जेवले नाहीत. तू तुझं जुनं इंजिन विकायचं म्हणतोयस, विक, पण आख्खं विक. कुणाच्या तरी जीपमधे जाईल असं बघ.

अडॅप्टर प्लेट मी स्वतः केली होती. पाऊण इंची प्लेट, एका बाजूला मॅटाडोरच्या इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला जीपच्या गिअरबॉक्सची. भोकं कुणीही पाडेल. खरं काम सेंटरचं असतं. क्रँकचं सेंटर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सेंटर एका रेषेत आलं नाही तर गाडी पहिल्या दिवशी छान चालते आणि सहा महिन्यांत शाफ्टचं बेअरिंग खाते. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून हातानं फिरवत राहिलो, डॉवेलच्या पिना सरकवत राहिलो, दोन दिवस. शेवटी फरक तीन थाऊ आला, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. तुमच्याकडं पाचपर्यंत चालतं म्हणालास. चालतं. आमचं तीन होतं.

आता ते इंजिन बसवतानाच्या त्या शनिवार दुपारचं.

हे बंडूकाका दरवर्षी गणपतीत सांगतो, तुला पाठ आहे. ‘जीपनं मला मिठी मारली’ म्हणतो, शर्टाचं बटण काढून हासळीवरचा उंचवटा दाखवतो, सगळी हसतात. मी त्या वेळी चहाचं बघायला आत जातो हे तुझ्या कधी लक्षात आलंय का माहीत नाही.

बेलहाउसिंगचे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे, खालचे दोन बोल्ट लागत नव्हते. जॅक एकच होता आणि तो गिअरबॉक्सखाली पाहिजे होता. मग चॅसी कशावर? समोर बांधकाम चालू होतं, तिथनं विटा आणल्या. वीट भिंतीत वजन पेलते कारण सगळीकडून सारखी दाबली जाते. चॅसीची कड तिच्या एका काठावर बसली की ती आधी इशारा देत नाही, एकदम भुगा होते. बंडू बारीक होता म्हणून तो खाली. मी वरून पहार घालून इंजिन हलवत होतो. ‘दादा, हळू,’ तो म्हणाला. मी अजून एक हिसका दिला.

त्यानंतर तो काही बोलला नाही.

मी एकटा बंपर धरून उचलत होतो. टनभराची जीप एकट्यानं उचलते का. शेजारचा बोरिंगवाला, समोरच्या फाउंड्रीतले मोल्डर, चहाचा पोरगा, सात-आठ जणांनी हात घातला आणि जीप अशी उचलली जशी पालखी उचलतात. तो वाचला त्याचं कारण फक्त एक. काढलेलं चाक वाटेत नको म्हणून त्यानंच चॅसीखाली सरकवलं होतं. जीप त्यावर टेकली. वीतभर जागा राहिली. हासळी आणि दोन बरगड्यांवर निभावलं.

काका गोष्ट सांगताना ‘विटा होत्या’ म्हणतो. जणू त्या चालत आल्या. विटा मी आणल्या, मी रचल्या, आणि ‘हळू’ म्हटल्यावर हिसकाही मीच दिला. तेहेतीस वर्षांत त्यानं एकदाही माझं नाव घेतलेलं नाही, तात्यांपुढंसुद्धा नाही. उद्या या पत्राचे फोटो काढून तुला पाठवणार आहे ती त्याचीच पोरगी. ती वाचेलच. वाचू दे.

म्हणून रविवारी ओरडलो. तुझे पाय नव्हते दिसत मला तिथं.

तुला हे सगळं माहीत आहे, तू माझ्यापेक्षा जास्त वाचतोस, तरी लिहितो. जॅक उचलायला असतो, धरायला नसतो. आतला रबरी सील गेला की तेल हळूच मागं येतं आणि गाडी आपल्या आपण बसते. उचललं की स्टँड, आमच्यात घोडी म्हणायचो. घोडी लावली की गाडीला बाजूनं चांगला धक्का देऊन बघायचा, हलायची असेल तर तू बाहेर असताना हलू दे. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे. काढलेलं चाक चॅसीखाली आडवं. आणि इंजिन क्रेननं काढलंस की जीपचं नाक हलकं होतं, वजन मागं सरकतं. आधी नीट बसलेली घोडी त्यानंतर नीट असेलच असं नाही, परत बघायची. एकटा असलास तर नुसते वरचे बोल्ट लाव, खाली जायचं काम शनिवारी मित्र आल्यावर.

तिकडं थंडी सुरू झाली असेल. दार बंद करून इंजिन चालू करायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही, धुरातला विषारी वायू घरात शिरतो आणि त्याला वास नसतो. हे मला पेपरात वाचून कळलं. आपल्या शेडला दारच नव्हतं.

आणि ब्रेक. पाऊणशे हॉर्सपॉवरच्या जागी तू दुपटीहून जास्त घालतोयस, ब्रेक मात्र तेच, नऊ इंची ड्रम आणि सगळ्या चाकांना मिळून एकच लाइन. एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. डिझेल बसवल्यावर पहिल्यांदा करूळ घाट उतरलो तेव्हा मागं चौदा माणसं होती आणि अर्ध्या घाटात पेडल नुसतं खाली जायला लागलं. पहिल्या गिअरमधे टाकून, डोंगराच्या बाजूला घासत उतरलो. माणसं देवाचं नाव घेत होती, मी तात्यांचं. तू पुढं डिस्क बसव, दोन लाइनचा मास्टर सिलिंडर घे. इंजिनाच्या आधी हे करायला पाहिजे होतं, पण आधी ब्रेकवर कोण पैसे घालतं? मीही घातले नव्हते.

भाषण झालं. आई झोपेतून उठून बघून गेली, ‘एवढं काय लिहिताय’ म्हणाली. काँप्युटरवाल्या पोराला सल्ला देतोय म्हटलं. ‘त्याला त्याचं कळतं,’ म्हणून परत झोपली. तिचंही खरं आहे. चाळीशीला आलेल्या माणसाला बाप फोनवर सगळ्यांपुढं ओरडतो, तेही त्याच्याच घरात, हे बरोबर नव्हतं. सूनबाईला माझ्या वतीनं सांग. सोनू घाबरली होती का?

त्या जीपमधे तू तिला पुढं बसवशील तेव्हा पट्टा लावायची सोय कर. तात्या मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला द्यायचे. ते करू नकोस. म्हणजे, गेटपर्यंत कर.

काका काल येऊन गेला. तुझे फोटो त्यालाही दाखवले. खांदा चोळत बराच वेळ बघत होता, पावसाळ्यात तो अजून दुखतो. म्हणाला, ‘अभीनं अडॅप्टर बसवल्यावर डायलवर किती आलं ते विचार.’ पाचच्या आत असेल तर मला कळव. तीनच्या आत आलं असेल तर मला सांगू नकोस, त्याला सांग, तो चार दिवस मला जगू देणार नाही.

तुझा,
अण्णा

ता. क. चार घोड्या. दोन नव्हे, चार. मागच्या दोन लावल्यास की फोटो पाठव, पुढच्या दोन लावल्यास की परत पाठव. किती वाजले असतील बघत बसू नकोस, मी जागा असतो.