‘कासव’साठी, उशिरा का होईना

माननीय सुनील सुकथनकर यांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर ‘कासव’ सिनेमाच्या दोन्ही दिग्दर्शकांच्या, तुमच्या आणि सुमित्रा भावे यांच्या, नावाने लिहायचं होतं. सुमित्राताई 2021च्या एप्रिलमध्ये गेल्या. म्हणून तुमच्या नावे पाठवते आहे; अर्धं त्यांचं समजा.

‘कासव’ला 2017मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, सुवर्णकमळ, जाहीर झालं, तेव्हा ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’च्या पंगतीत आणखी एक मराठी नाव आलं, एवढाच माझा आनंद होता. सिनेमा पाहिला तो पुढे, डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्यावर. कामावर रजा टाकून घरी होते. शेजारी आई बसली होती.

त्या दिवसांत घरातल्यांची माया मला सोसत नव्हती. ‘आज कसं वाटतंय?’ सकाळी आई, दुपारी फोनवर मावशी, संध्याकाळी बाबा. प्रत्येकाला ‘कालच्यापेक्षा बरं’ ऐकायचं असे. नाही म्हटलं की चेहरे उतरत. मग मी बरं आहे म्हणायचे, आणि तेवढं म्हणण्यानेच थकून जायचे.

तुमची जानकी मानवला घरी आणते आणि काही विचारतच नाही. नाव-गाव नाही, का जीव द्यायला निघालास तेही नाही. जेवण आहे, खोली आहे, राहायचं तर राहा. तिच्याकडे कामाला असलेल्या यदूला हा अनोळखी पाहुणा पटत नाही, तो कुरकुरतो. किशोर कदमांची ती कुरकुर मला फार आवडली. सगळेच आपल्याशी हळू आवाजात बोलायला लागले की आपण घरातले न राहता पेशंट होतो. आणि जानकी स्वतः त्याच वाटेने आलेली, अजूनही पुरती बाहेर न पडलेली. सांभाळणारं माणूसही धड बरं नसलं तरी चालतं, हे मला आधी कुणी दाखवलं नव्हतं. आलोक राजवाडेंचा मानव तर तुटक, चिडका. मीही तेव्हा रडत कमी आणि खेकसत जास्त होते. एका प्रसंगी आईने पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही. त्यानंतर ‘कसं वाटतंय’ हा प्रश्न घरातून हळूहळू गेला.

काही संवाद जरा समजावून सांगितल्यासारखे वाटले, हेही सांगून टाकते. पण आईला तेच उपयोगी पडले, तेव्हा तक्रार मागे.

तुम्हा दोघांचाच आधीचा सिनेमा ‘देवराई’ आम्ही नंतर मुद्दाम पाहिला. मी अतुल कुलकर्णींच्या शेषकडे बघत होते, आई त्याच्या बहिणीकडे. संसार आणि आजारी भाऊ यांच्यात ओढली जाणारी सोनाली कुलकर्णींची सीना. दुसऱ्याच आठवड्यात आई मला न विचारता चार दिवस मामाकडे राहून आली. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

पुढे जरा बरे दिवस आले तेव्हा कोकणात, कासवं राखणाऱ्या वेळास गावी गेले. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालून समुद्रात परत जाते. गावकरी ती अंडी कुंपणात नेऊन पुरतात, कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडतात. उचलून पाण्यात ठेवत नाहीत, पुढचं त्यांचं त्यांनी चालायचं. जानकी आणि सिनेमात कासवं राखणारे दत्ताभाऊ मानवच्या बाबतीत नेमकं काय करत होते, ते मला तिथे उभं राहून कळलं. तिथेच हेही समजलं की समुद्री कासवाला मान कवचात ओढून घेता येत नाही. तुमच्या शीर्षकाला हे जरा अडचणीचं आहे, नाही का? मला मात्र त्यामुळे ते कुंपण जास्त पटलं.

तुमचे दत्ताभाऊ, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ-अभिनेते डॉ. मोहन आगाशे, सिनेमा दाखवून नंतर लोकांना बोलतं करतात, त्यांनाही माझे आभार पोचवा.

गोळ्या अजून चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही नाही. आईने नमस्कार सांगितला आहे. तिला आता तुमचा स्मृतिभ्रंशावरचा ‘अस्तु’ बघायचा आहे. मी अजून तयार नाही, तर ती एकटीच बघणार म्हणते.

आपली,
चिंचवडची एक प्रेक्षक