डिरेलर राहू दे, फ्रीव्हीलचं बोलू

भोसरी, पुणे

प्रिय दिल्या,

तुझं पत्र मिळालं. भोसरीत गाड्यांचे एवढे पार्ट बनतात, मग सायकलचा साधा डिरेलर, म्हणजे गियर बदलताना चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पार्ट, चीन-तैवानहून का आणावा लागतो, हा तुझा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. सात-स्पीडचा एक डिरेलर सुटा करून टेबलावर मांडून ठेवलाय, येता-जाता बघत असतो.

सुटा करून पाहिला तर त्यात अवघड काहीच दिसत नाही. पट्ट्या, पिना, स्प्रिंग, दोन पुली. आमच्याकडचा कुठलाही टर्नर म्हणेल, देतो करून. पण सात-स्पीडला एका चकतीपासून दुसरीपर्यंत अंतर साधारण 5 मिलिमीटर, अकरा-स्पीडला 4च्याही आत. हँडलवर एक क्लिक केली की चेन नेमकी तेवढीच सरकायला हवी. प्रत्येक पिनेत जरासा खुळखुळा राहिला, की तो सगळा टोकाला जमा होतो आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरत बसते. एक नग घासूनपुसून जुळवता येईल. पण दहा हजारावा नग पहिल्यासारखाच यायचा तर चांगल्या डाय, म्हणजे साचे लागतात, आणि डायचा खर्च लाखांनी नग काढले तरच भावात बसतो. शिवाय डिरेलर एकटा चालत नाही. हँडलवरचा शिफ्टर, चेन, मागच्या चकत्यांचा संच म्हणजे कॅसेट, सगळ्यांची मापं एकमेकांत अडकलेली. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: डिरेलर तूर्त बाहेरून येऊ दे, त्यात कमीपणा नाही.

जीव तुटतो तो गियरच्या सायकलींची फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी मागचं चाक फिरू देणारा पार्ट) आणि चाकाच्या मधले हबसुद्धा कंटेनरमधून येतात याचा. सिंगल-स्पीडची फ्रीव्हील लुधियानात कितीतरी वर्षं बनताहेत, म्हणजे विद्या या देशात आहे.

फ्रीव्हीलची खरी परीक्षा लेथवर नाही, भट्टीत होते. आत दोन खिट्ट्या असतात आणि त्या ज्यांत अडकतात ते दात. चढावर उभं राहून पायडल मारलं की माणसाचा सगळा भार तेवढ्याशा धातूवर. पोलाद आरपार कडक केलं तर खिटी तडकते. मऊ ठेवलं तर दात झिजतात आणि ऐन चढावर पायडल मोकळं फिरतं. म्हणून कमी कार्बनचं पोलाद घ्यायचं, कार्बन भरलेल्या भट्टीत 900 अंशांच्या आसपास ठेवायचं आणि तेलात विझवायचं. वरचा थर कडक होतो, गाभा चिवट राहतो. विझवताना पार्ट थोडा वाकडा होतोच. किती होईल हे धरून टर्निंगचं माप आधी ठरवायचं असतं, आणि तो अंदाज बॅचमागून बॅच काढल्यावरच हाताला येतो.

इथेच आमची अडचण आहे. पुण्यात हीट ट्रीटमेंटवाले उत्तम आहेत, पण त्यांच्या भट्ट्या मोटारींच्या मालाने भरलेल्या. आपला लहानसा लॉट शेवटी लागतो. पोलादाचंही तेच. गिरणी थोडक्या मालाची ऑर्डर घेत नाही. व्यापाऱ्याकडून घ्यावं तर भाव चढा, शिवाय प्रत्येक खेपेचा माल निराळा, म्हणजे भट्टीचं गणित पुन्हा मांडा. प्लेटिंगला सांडपाण्याचे नियम आहेत, आणि असायलाच हवेत. लुधियानाची ताकद मजुरीत कमी आणि शेजारात जास्त आहे: तारा, रिम, प्लेटिंग, पॅकिंग, सगळं जवळपास.

सप्टेंबर 2025मध्ये सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5वर आला. गिऱ्हाइकाचं भलं झालं, पण आयात मालालाही तोच दर, त्यामुळे इथल्या कारखान्याला वेगळा हात मिळाला असं नाही.

तरी मला धीर येतो तो जुन्या गोष्टींवरून. आज डिरेलर बनवणाऱ्या शिमानो कंपनीने 1921मध्ये जपानमधल्या साकाईत सुरुवात केली ती फ्रीव्हीलपासून. ते सुऱ्या आणि बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचं गाव, लोखंड ओळखणारे हात तिथे पिढ्यान् पिढ्या होते. आपले मुंजाल बंधूही आधी, 1944मध्ये, अमृतसरला सायकलच्या पार्टच्या धंद्यात उतरले. लुधियानात त्यांची हीरो सायकल्स झाली 1956 साली. पार्ट आधी, सायकल नंतर. लोखंड ओळखणारे हात भोसरीत आहेत, कोल्हापुरात आहेत. आपण मुंबईत वरळीला बनणारी हिंद सायकल बघत वाढलेल्या माणसांची मुलं, आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही.

आणि आयात स्वस्त, हेही अर्धंच खरं. अख्ख्या लॉटचे पैसे आधी अडकतात. कोविडच्या काळात जगभर सायकलींची मागणी उसळली तेव्हा पार्टसाठी महिनोन्महिने थांबावं लागलं, हे तू तुझ्या सायकलच्या दुकानात बसून पाहिलंस. फ्रेम तयार, आणि एका पार्टपायी सायकल उभी.

आता तुझ्याकडे काम. बदललेली फ्रीव्हील भंगारात घालू नकोस. प्रत्येकाला चिठ्ठी बांध: कुठल्या सायकलची, किती चालली, आवाज करत होती की घसरत होती. एसटीच्या पार्सलने पाठव, मी ती कापून कडकपणा मोजतो. कशात आधी जीव जातो, खिटीत की दातात की बेअरिंगच्या छर्ऱ्यांत, ते कळलं की पहिला लॉट त्यावरच बेततो. आणि एक खरं सांग, तोंडदेखलं नको: आपलं फ्रीव्हील आयातीच्या मालापेक्षा शंभर रुपयांनी महाग पडलं, पण सुटा पार्ट आठवड्यात मिळेल असं मी लिहून दिलं, तर तू ते दुकानात ठेवशील का?

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुध्या