एक रुपयाचा शेअर आठशेला

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर विचारलंस, "आई, एक रुपयाचा शेअर आठशेला विकतात, ही लूट नाही का गं?" तेवढ्यात दारात पोदेराचा भोंगा वाजला, मी पाव घ्यायला धावले आणि बोलणं तिथंच राहिलं. म्हणून हे पत्र.

तुझ्या ॲपवर 'फेस व्हॅल्यू 1' असं जे दिसलं, ती दर्शनी किंमत, म्हणजे शेअरवर लिहिलेली किंमत, बाजारभाव नव्हे. माळ्यावरची आजोबांची पत्र्याची पेटी आठवते? त्यात पोर्तुगीज अमदानीतली टपाल तिकिटं आहेत, त्यांवर किंमत तांग्यांत छापलेली आहे. सोळा तांग्यांचा एक रुपिया. उद्या एखादा संग्राहक फोंड्याला आपल्या दारी आला, तर तो तिकीट किती दुर्मीळ आहे ते बघेल, तांगे थोडेच मोजणार?

मग ही किंमत लिहितातच कशाला? कंपनीच्या वहीसाठी. समज, एका कंपनीने 10 रुपयांचे 10 लाख शेअर काढले, तर भागभांडवल 1 कोटी. पुढे धंदा वाढला आणि तिने नवे शेअर 200 रुपयांना विकले, तर प्रत्येकी 10 रुपये भांडवलात जातात आणि वरचे 190 अधिमूल्याच्या वेगळ्या खात्यात. कंपनीला स्वतःला दर्शनी किमतीखाली नवे शेअर विकायला कायद्याने सहसा मनाई आहे. बाजाराला मात्र ते बंधन नाही, कंपनी बुडायला लागली की 10 चा शेअर 3 ला सुद्धा मिळतो.

तेव्हा एकाचे आठशे झाले म्हणून महाग, असं काही नसतं. एमआरएफची दर्शनी किंमत 10, आणि 2023 च्या जूनमध्ये त्या एका शेअरचा भाव लाखावर गेला. टीसीएसची 1. या दोन आकड्यांवरून कुठली कंपनी स्वस्त, हे कोणाला सांगता येणार?

पण एका ठिकाणी या आकड्याकडे बघावंच लागतं, आणि तिथंच मी आपटले होते. तू तेव्हा पाचवीत होतीस. पेपरात वाचलं, अमक्या कंपनीचा 200 टक्के लाभांश, म्हणजे नफ्यातला शेअरवाल्यांचा वाटा. बँकेत दिवसभर टक्केवारीच करणारी बाई मी, तरी मनात म्हटलं, पैसे तिप्पट! 900 च्या भावाने 50 शेअर घेतले, म्हणजे 45 हजार. तुझ्या बाबांना सांगितलं सुद्धा नाही. लाभांश आला 200 रुपये. मी चिडून फोन करणार होते, मग कागद नीट वाचला. दर्शनी किंमत 2 रुपये. तिचे 200 टक्के म्हणजे शेअरमागे 4. माझ्या 45 हजारांवर अर्धा टक्कासुद्धा नाही! लाभांशाचे टक्के नेहमी दर्शनी किमतीवर असतात, आपण मोजलेल्या पैशांवर नाही. बाबांना हे अजून ठाऊक नाही, तूही बोलू नकोस.

दुसरी गोष्ट विभाजनाची. स्टेट बँकेने 2014 मध्ये 10 चा शेअर 1 चा केला. एकाचे दहा झाले आणि भाव त्याच मानाने खाली आला. नारळ फोडून दोन वाट्या केल्या म्हणून खोबरं वाढत नाही, पण तेव्हा आमच्या काउंटरवर एक गिऱ्हाईक "शेअर स्वस्त झालाय" म्हणत मुदत ठेव मोडायला आलं होतं. बोनसचं वेगळं, त्यात कंपनी जादा शेअर फुकट देते, म्हणून शेअर वाढतात पण दर्शनी किंमत तीच राहते.

हे सगळं लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. त्याच पेटीत तिकिटांखाली आजोबांच्या नावाचं एक शेअर सर्टिफिकेट सापडलं. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या वहीतला आजोबांचा खाते क्रमांक, वाचता येतो. 50 शेअर, प्रत्येकी 10 रुपये. त्या कंपनीची दर्शनी किंमत आता 1 आहे, म्हणजे ते 50 आज 500 असणार, मध्ये बोनस दिला असेल तर त्याहून जास्त. पण सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नसेल, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा होतात आणि अर्ज करून सोडवावे लागतात. चवथीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, माटोळी बांधून झाली की अर्ज भरायला बसू. आजोबांचा मृत्यूचा दाखला मी काढून ठेवते.

तुझी,
आई