दाबलेलं कळत नाही

पुणे, रविवार, रात्री साडेदहा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बडोद्याला पोचल्याचा मेसेज मिळाला. नुसतं 'पोचले'. आजी दिवसभर म्हणतेय, करीच्या दिवशी घराबाहेर पडू नये म्हटलं होतं, कुणी ऐकलं? मी म्हटलं, भांडण करीमुळे नाही झालं, ईएमआयमुळे झालं. तर म्हणाली, "ही कोण?"

फोन करणार होते, पण फोनवर तू 'हो आई, हो आई' करतेस आणि तिकडे दुसरंच काहीतरी करत असतेस. म्हणून लिहितेय. गुळाच्या पोळ्यांचा डबा तू ओट्यावर तसाच ठेवून गेलीस. विसरलीस की मुद्दाम, ते विचारत नाही. उद्या कुरिअरने पाठवतेय, त्यातच हे पत्र घालीन. मैत्रिणीच्या कार्डावर आयपॅड घ्यायचं तुझं चाललंय, त्याच्या हप्त्यांबद्दल यात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

तर शनिवारी मी सुजयला घेऊन तुझ्या चित्रांसाठी टॅब बघायला गेले होते. हसू नकोस. मंडईला मेट्रोतून उतरलो आणि लक्ष्मी रोडपासून सुरुवात केली. पर्समध्ये माझी सहा इंची पट्टी होती. प्रत्येक दुकानात मी काचेवर पट्टी ठेवायचे आणि पेनाने तिरकी रेघ ओढायचे, अगदी सावकाश, मुंगी चालते तशी. दुकानातली पोरं बघत राहायची. एकानं विचारलं, "काकू, सिग्नेचर करायची आहे का?" भरभर ओढली तर कुठल्याही पडद्यावर रेघ सरळच येते गं. सावकाश ओढली की पेनाचं पितळ उघडं पडतं. एका घडी होणाऱ्या लॅपटॉपवर माझी रेघ शेवईसारखी वळवळत गेली. पट्टी हलली असेल म्हणून तीनदा ओढून पाहिली. तिन्ही वेळा शेवई. हात लटपटतो का काय असं क्षणभर वाटलं आणि पोटात गोळाच आला. मग पुढच्या पडद्यावर सरळ आली.

आता तुझा तो आयपॅड. खरं सांगू? वस्तू सुरेख आहे. पडदा बघून मलाही मोह झाला. तू दाखवत होतीस तोच सेट होता, पांढऱ्या पेनासकट, 'पेन स्वस्तातलं घेतलं तर बसतंय बजेटमध्ये' म्हणालीस तो. मी पट्टी काढली, रेघ ओढली. सुरेख सरळ. मग दाबून ओढली. तेवढीच. आणखी दाबली, पोरगा म्हणाला, "काकू, काच आहे." रेघ तेवढीच. सुजयनं मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं की ते टाइप-सीवालं पेन, २०२३ साली आलेलं, त्याला तिरपं धरलेलं कळतं, दाबलेलं कळत नाही. दाब कळणारं त्यांचं पहिलं पेन २०१५ चं. तेही त्या आयपॅडला चालतं, पण महाग आहे, शिवाय चार्जिंगला वेगळा अडॅप्टर लागतो. हे तुला माहीत होतं का? माहीत असून घेत होतीस की 'स्वस्त' एवढंच वाचलंस?

मला ती रेघ आवडली, हे कबूल करते. अगदी माझ्या रोट्रिंगसारखी, नकाशे काढायच्या त्या शाईच्या पेनासारखी. पॉइंट टू म्हणजे पॉइंट टू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कालव्याचे आडवे छेद काढायला याहून चांगलं काय हवं? औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून माझी सगळी नोकरी तशा एकजाड रेघेत गेली. पेन उभं धरायचं, दाबायचं नाही, थांबायचं नाही, थांबलं की ठिपका पडतो. चुकलं तर ब्लेडच्या कोपऱ्यानं शाई खरडायची, ती पण अशी की ट्रेसिंग पेपरला भोक पडता कामा नये. पण तुझी रेघ तशी नाहीये, मनू. आजीचे हात काढलेस ना दिवाळीत, त्यात मनगटाकडे रेघ दोऱ्यासारखी आहे आणि अंगठ्याच्या पेरावर येऊन केवढी जाड झालीय. ती दाबण्यातून येते.

तू तर लहानपणापासून दाबूनच काढतेस. उजव्या कालव्याचा नकाशा आठवतो का? तुला कसा आठवणार, चार वर्षांची होतीस. साहेबांना सोमवारी सकाळी हवा म्हणून घरी आणला होता. मी कुकर लावायला उठले आणि तू स्टुलावर चढून माझ्या रोट्रिंगनं कालव्यात म्हैस काढलीस. एवढी दाबून की पेनाची सुई वाकली आणि म्हशीच्या पोटात ट्रेसिंग फाटलं. मी तुला धपाटा घातला. मग रात्री दोन वाजेपर्यंत सगळा नकाशा नव्या कागदावर पुन्हा काढला, खाली तुझी म्हैस ठेवून. काढता काढता लक्षात आलं की म्हशीचे मागचे पाय बरोबर होते. पुढचे चुकले होते, पण मागचे बरोबर, गुडघा उलटा वाकतो तसा. मी हे तेव्हा बाबांना सांगितलं. तुला सांगितलंच नाही कधी.

बरं, टॅब. सॅमसंगचा टॅब एस सिक्स लाइट पाहिला. पेन डब्यातच येतं, वेगळे पैसे नाहीत, आणि त्या पेनाला ना बॅटरी ना चार्जिंग. पडद्यामागे तारांची बारीक जाळी असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनातल्या वेटोळ्याला लागेल तेवढी वीज मिळते. तंत्र वॅकॉमचं, म्हणजे तुझ्या त्या जुन्या काळ्या पाटीच्या कंपनीचंच. दाबाच्या ४०९६ पायऱ्या असं लिहिलंय. मला चार-पाचच कळल्या, पण तेवढ्या स्पष्ट कळल्या. तळवा टेकला तरी रेघोट्या उठत नाहीत. पट्टीची तिरकी रेघ सरळ आली. एकच बघायचं, हाच टॅब त्याच नावानं २०२० ला आला, मग २०२२ ला, मग २०२४ ला. दुकानदार जुना काढून देतात. डब्यावरचं साल वाचून घ्यायचं.

उणं काय, तर मेमरी. चार जीबी. सुजयनं मला हिशोब करून दाखवला: ए-फोर कागद ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे एका लेयरला साधारण ३५ एमबी. तीस लेयर चढवलेस की एक जीबी गेला. आमचंही तेच असायचं. एकावर एक चार ट्रेसिंग ठेवली की खालचं दिसेनासं व्हायचं. म्हणून मी म्हणते, थोड्या लेयरमध्ये काम करायला शीक, काम झालं की लेयर एक करून टाकायचे, उगाच प्रत्येक केसाला वेगळा... हे बघ, लागले शिकवायला. तुझं काम तुला कळतं. माफ कर.

चित्रं काढायचं ते प्रोक्रिएट त्यावर चालणार नाही, ते फक्त आयपॅडवर. वर्गातले सगळे तेच वापरतात, तुझं खरं दुखणं तेच आहे ना? सुजय म्हणाला क्लिप स्टुडिओ चालतं, आणि क्रिता फुकट आहे. मला वाटलं आपलं संस्कृतातलं कृत. तर स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू.

जुन्यातलाही एक पाहिला. टापकीर गल्लीजवळ एका माडीवर जुने लॅपटॉप विकतो एकजण. त्याच्याकडे थिंकपॅडचा एक्स दोनशे तीस टॅबलेट होता, २०१२ चा, पडदा गर्रकन फिरवून उलटा पाडता येतो तो. पेन लॅपटॉपच्या पोटातच. दाब कळतो, त्यातही वॅकॉमचंच तंत्र, आणि किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. पण कडेला गेलं की पेन एकीकडे आणि रेघ दुसरीकडे, बॅटरी मेलेली, आणि त्यावरच्या विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद. लिनक्स टाकून चालेल म्हणाला. तुला वसतिगृहात ते करत बसायला वेळ आहे का? शिवाय तो दगड खांद्यावर घेऊन तू फतेहगंजपर्यंत चालणार. नकोच.

आता एकच सांगते आणि विषय संपवते. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे फुकट नव्हे. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट दाखवून ते झाकतो, आणि त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आपल्याच माथी. वर प्रोसेसिंग फी. रोख दिले तर जी सूट मिळाली असती ती गेलीच. रक्कम मोठी नाही, मान्य आहे. भांडताना तू तेच ओरडत होतीस, 'किती गं, महिन्याला एका पिझ्झाएवढे!' रकमेचं नाहीच म्हणतेय मी. कार्ड तुझं नाही, मैत्रिणीचं आहे. एक महिना तुझे पैसे उशिरा आले तर फोन तिला जाणार, दंड तिला, नाव तिचं खराब. मग ती काही बोलणार नाही, आणि तू मेसमध्ये तिच्या टेबलावर बसणं सोडशील. मला माहितीय कसं होतं ते.

नारायण पेठेतल्या मशीनचं तू सारखं काढतेस, 'तुमचं झालं म्हणून माझं होणार का?' नाही होणार. पण तू लहान होतीस. वसुलीची ती दोन माणसं जिन्यात बसायची तेव्हा मी तुला मागच्या खोलीत पाढे म्हणायला लावायचे, मोठ्यानं. तुला एकोणतीसचा पाढा कसा पाठ झाला, त्याचं हे उत्तर. त्या दिवशी तू तो विषय काढलास आणि बाबा गॅलरीत गेले, ते तू गाडीत बसेपर्यंत तुझ्याशी धड बोलले नाहीत. रागावले नव्हते. बॅग त्यांनीच उचलली ना?

लिहिणार नव्हते. लिहिलंच.

पोस्टातली आरडी मार्चमध्ये सुटतेय. त्यात टॅब बसतो. आयपॅड दाबवाल्या पेनासकट हवा असेल तर उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल, माझ्याकडून निम्मे, निम्मे तू त्या लग्नपत्रिकांच्या चित्रांतून जमव. निवड तुझी. मला खरंच असं वाटतं की टॅब पुरेल, पण मी आरेखक, चित्रकार नव्हे. तिथे बडोद्यात एखाद्या दुकानात जाऊन स्वतः काढून बघ. पट्टी ने. सावकाश तिरकी रेघ, मग दाबून एक, मग पेन नुसतं टेकवून एक. टेकवल्यावर उमटत नसेल तर घेऊ नकोस, तुझं अर्धं काम तिथेच असतं. आणि वरून कागदासारखी खरखरीत फिल्म लावायचा मोह झाला तर पेनाची टोकं लवकर झिजतील, चार जादा मागून घे.

इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी आली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते आणि तुला म्हटलं होतं, ठीक आहे, आता गणिताकडे बघ. आज रात्री ते का आठवतंय कोण जाणे.

बोट दुखतं म्हणाली होतीस, त्याचं काय झालं? तासभर काढलं की हात खाली सोडून झटकायचा. माझा अजून पहाटे बधिर होतो.

पोळ्या आठवडाभर टिकतील, तूप वेगळ्या बाटलीत दिलंय, झाकण घट्ट आहे, चमच्याच्या दांड्यानं उघड. चार पोळ्या जास्त ठेवल्यात, त्या कार्डवालीला दे. नाव काय गं तिचं?

तुझी
आई